दारावरचा दिवा आणि अठ्ठेचाळीस सोंगट्या

मर्विन टॉलफसनला जगात एकाच कामात निर्भेळ आनंद मिळायचा, आणि ते म्हणजे वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवणं. जमीन-नोंदणीच्या कचेरीत सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरा कुठला आनंद परवडतो, असं त्याचं म्हणणं. घरातल्या बर्फ ओढायच्या फावड्यापासून दालचिनीच्या बरणीपर्यंत प्रत्येक वस्तूवर बारक्या अक्षरांत 'टॉलफसन, १४१८' लिहिलेलं असे. १४१८ हा घराचा क्रमांक. "दालचिनी कोण चोरणार आहे?" असं त्याची बायको लोर्ना विचारायची. मर्विन म्हणायचा, "प्रश्न चोरीचा नाही गं. हरवलेली वस्तू परत यावी एवढाच हेतू."

हे घर आयोवातल्या नॉर्थ फोर्क गावाच्या कडेला, प्रेअरी रिज नावाच्या वसाहतीत होतं. नावातला माळ वसाहतीत नव्हता आणि टेकडीही नव्हती. दोन्ही सपाट करूनच ती बांधली होती. दीडशे घरं, सगळी फिक्या बिस्किटी रंगाची, एकसारखी. माणसं फार सभ्य. गाडीतून जाताना स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलून नमस्कार करायची, गॅरेजचं दार आपोआप उघडायचं, गाडी आत जायची, दार बंद व्हायचं. तीन वर्षांत टॉलफसनांनी शेजाऱ्यांची बोटं भरपूर पाहिली होती, चेहरे फारसे नाही. समोरच्या दाराची घंटा फक्त पार्सलवाला वाजवायचा, आणि तोसुद्धा वाजवून पळायचा.

लोर्नाला हे सोसेना. पस्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात दिवसाला दोनशे मुलांना 'हळू बोला' म्हणण्यात गेलेली बाई. निवृत्त होऊन इथे आली आणि घरात हळू बोलायलासुद्धा कुणी उरलं नाही. दर शनिवारी अकरा वाजता तिच्या धाकट्या बहिणीचा, सिग्नेचा, डुलुथहून फोन यायचा. बोलणं रंगात येतंय तोच सिग्ने म्हणायची, "थांब हं, दारावर कुणीतरी आलंय." मग लोर्ना फोन कानाला धरून चारशे मैलांवरच्या दाराशी चाललेल्या गप्पा ऐकत बसायची. मर्विन तेव्हा पेपर वाचायचा, म्हणजे पेपर तोंडासमोर धरायचा.

सप्टेंबरात सिग्नेनं सांगितलं की तिच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर रिकामं होतंय, आणि मालक नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेपर्यंत थांबायला तयार आहे. पहिली तारीख शनिवारी होती. लोर्नानं ही गोष्ट नवऱ्याला भांडण न करता सांगितली, आणि मर्विनला धडकी भरली ती त्यामुळेच.

"तुझ्या पेन्शनला दोन वर्षं आहेत ना," ती म्हणाली. "मी पुढे जाते. तू मागून ये."

"आणि दोन वर्षं मी इथे काय करू?"

"चिठ्ठ्या लाव," लोर्ना म्हणाली. टोमणा असता तर त्यानं परतवला असता. ती अगदी मायेनं म्हणाली होती.

त्या रात्री मर्विननं छताकडे बघत ठरवलं की लोकांना घरी बोलवायचं. पण प्रेअरी रिजमध्ये कुणाला विनाकारण घरी बोलावलं तर लोक समजतात की तुम्ही काहीतरी विकायला काढलंय. कारण हवं, आणि ते संशय न येण्याजोगं हवं. विचार करता करता त्याला हॅलोविन सापडला. भुताखेतांचे बैठे खेळ, सफरचंदाचा गरम रस, पाकातल्या लाह्या, मांडीवर गोधड्या, असा घरगुती बेत. चार पाहुणे आणि आपण दोघं. सहाजणांत पट मांडून बसलं की माणसाला बोलावंच लागतं, निदान 'फासे इकडे द्या' एवढं तरी.

तारीख एकतीस ऑक्टोबर, शुक्रवार. यात मर्विनला स्वतःच्या हुशारीचं विशेष कौतुक वाटलं. बाकीच्या देशात मुलं गोळ्या-चॉकलेटं मागायला एकतीसला निघतात, पण नॉर्थ फोर्कमध्ये आणि आसपासच्या गावांत ती तीस तारखेलाच फिरतात. त्या संध्याकाळला भिकाऱ्यांची रात्र म्हणतात. आणि नुसती पिशवी पुढे करून इथे काही मिळत नाही. आधी विनोद सांगावा लागतो. दारावरचा दिवा लावलेला असेल तिथे जायचं, विनोद सांगायचा, खाऊ घ्यायचा. दिवा बंद असेल त्या घराला कुणी हात लावत नाही. सहा ते आठ, तीस तारीख. एकतीसला गावात चिटपाखरू नसतं.

खेळ त्यानं चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून आणले. तीन होते. 'कबरीवरचा कंदील' नावाच्या खेळात कंदील नव्हता. 'तळघरातला अकरावा' खेळायला निदान अकराजण लागत होते. उरला 'दलदलीतला दवाखाना'. त्याचा पट जेवणाच्या टेबलाएवढा, आणि अंगठ्याएवढ्या अठ्ठेचाळीस सोंगट्या: सांगाडे, रुग्ण, दलदलीतून वर आलेले हात, आणि एक मुख्य परिचारिका, जिच्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. मर्विननं त्या तीनदा मोजल्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस होत्या. असं भाग्य जुन्या सामानात कधी लाभत नाही, म्हणून त्यानं लगेच प्रत्येकीच्या बुडाला चिठ्ठी लावली: 'टॉलफसन, १४१८, नग १', 'नग २', अशी. नियमपुस्तिका बत्तीस पानांची होती. पाहुण्यांच्या सोयीसाठी त्यानं तिचा सारांश काढला, तो अकरा पानांचा झाला.

आता पाहुणे. शेजारच्या घरात अर्लीनबाई राहायच्या, वय अठ्ठ्याहत्तर, चर्चमध्ये बाजा वाजवायच्या. मर्विननं कुंपणावरून आमंत्रण दिलं.

"भुतांचा खेळ?" अर्लीनबाई म्हणाल्या. "त्यात मेलेल्यांना बोलावतात का रे बाळा?"

"नाही, उलट हाकलतात."

"मग येईन. बोलावणार असलात तर आधीच सांग. माझा नवरा क्लेटस जन्मभर पहाटे चारला उठला. आता कुठे झोपलाय, त्याला उगाच उठवू नका." एवढं बोलून त्यांनी सल्ला दिला की सफरचंदाच्या रसात दालचिनी घालायची तर काडीच घाल, पूड नको, आणि पाहुण्यांना भूक लागण्याआधी नियम वाचू नकोस, लागल्यावरही वाचू नकोस.

समोरच्या घरात सेनाद आणि अमिला हे बोस्नियाचं जोडपं होतं. सेनाद मालट्रकांच्या फेऱ्या आखायचा, अमिला दातांच्या दवाखान्यात होती. "खेळ किती वेळ चालतो?" सेनादनं विचारलं.

"दोन ते पाच तास."

"गावात इतकी मोकळी माणसं आहेत हे मला ठाऊक नव्हतं," सेनाद म्हणाला. पण अमिला मागून ओरडली की येतो म्हणून सांग, आणि गोड काही ठेवू नका म्हणावं, दिवसभर तेच बघते मी.

चौथा पाहुणा ड्वेन ब्रुन्सविग, सोसायटीचा अध्यक्ष. त्याला बोलावण्यात प्रेमाचा भाग नव्हता. त्याच्या परवानगीशिवाय वसाहतीत पानसुद्धा गळत नसे; गळलं तर त्याचं पत्र येई. ड्वेन चौकटीचा शर्ट खोचून दारात उभा राहिला आणि त्यानं पूर्ण आमंत्रण ऐकून घेतलं.

"पाहुणे किती?"

"चार."

"तीनपर्यंत भेट धरतात. चार झाले की कार्यक्रम. कार्यक्रमाला अर्ज लागतो."

"पण चौथे तुम्हीच आहात," मर्विन म्हणाला. "तुम्ही नाही आलात तर नुसती भेट."

ड्वेननं बोटांवर पाहुणे पुन्हा एकदा मोजले. या माणसालाही फारशी आमंत्रणं येत नसावीत, असं मर्विनला उगाच वाटून गेलं. "मी येणार," ड्वेन शेवटी म्हणाला. "अर्ज भरा."

अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' असा रकाना होता. मर्विननं प्रामाणिकपणे 'भयप्रद' लिहिलं. अर्ज परत आला. मग 'सौम्य भयप्रद' लिहिलं, तर 'उभा की बैठा?' असा शेरा मारून पुन्हा परत आला. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवलेल्या माणसाला स्वतःचा अर्ज परत आल्यावर काय वाटतं, ते मर्विनला या वयात कळलं. तिसऱ्या खेपेला 'सौम्य भयप्रद, बैठा' मंजूर झाला, चार अटींवर. चौथी अट अशी होती की सर्व घरे एकसारखी असल्याने, पाहुण्यांना घर ओळखू यावे म्हणून यजमानाने दारावरचा दिवा चालू ठेवावा.

तीस तारखेला सकाळपासून पाऊस कोसळला, विजा कडाडल्या, वाऱ्यानं अर्लीनबाईंचा भोपळा गटारापर्यंत नेला. संध्याकाळी ड्वेनचं सोसायटीला पत्र आलं, नेहमीसारखं मेलवर आणि नेहमीसारखं लांबलचक. विषय: पाने गोळा करणे. मर्विननं आयुष्यात कुठलाही कागद अर्धा वाचून सोडला नव्हता, पण त्या संध्याकाळी तो नियमपुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर दलदलीत अडकला होता. त्यानं पत्राचे पहिले तीन मुद्दे वाचले, तिन्ही पानांबद्दलच होते, आणि पत्र मिटलं. मुलं पावसामुळे आली नाहीत असं त्यानं धरलं आणि आणलेली चॉकलेटं अमिलाच्या धाकानं कचेरीत नेऊन वाटून टाकली.

एकतीसची संध्याकाळ कोरडी आणि थंड निघाली. सहा वाजता मर्विननं अट क्रमांक चारप्रमाणे दिवा लावला. पट मांडला, सोंगट्या क्रमानं उभ्या केल्या, सारांशाच्या सहा प्रती ठेवल्या. लोर्नानं शेंगदाण्याच्या लोण्याच्या चोवीस वड्या थापल्या होत्या. तिनं निळा स्वेटर घातला होता, जो ती डुलुथला जातानाच घालायची.

पाहुण्यांना साडेसहाची वेळ दिली होती, पण साडेसहाला कुणी आलं नाही. सहा एकतीसला घंटा वाजली. मर्विननं आरशात बसवलेलं हसू घेऊन दार उघडलं, तर समोर खोक्याचा ट्रॅक्टर झालेलं एक मूल होतं, आणि ट्रॅक्टरवर आईनं थंडीचं जाड जाकीट चढवलं होतं.

"सांगाड्याला जेवायला बोलावलं तर काय होतं?" ट्रॅक्टरनं विचारलं.

मर्विननं खरंच विचार केला. "नाही बुवा येत."

"नंतर फरशी पुसावी लागते," ट्रॅक्टर म्हणाला आणि पिशवी पुढे केली.

"अरे, पण आज एकतीस आहे."

रस्त्यावरून ट्रॅक्टरची आई म्हणाली, "काल पाऊस नव्हता का? नगरपालिकेनं आजच्या दिवसावर ढकललं सगळं. ड्वेनच्या पत्रात होतं की, सातवा मुद्दा."

मर्विननं तिच्या मागे पाहिलं. हेझलनट लेनच्या, म्हणजे त्यांच्या गल्लीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत जाकिटं घातलेली भुतं चालली होती. वीस असतील, चाळीस असतील. आणि दिवा लावलेली घरं शोधत सगळी इकडेच येत होती.

ट्रॅक्टरला वडी मिळाली. त्याच्यामागे दोन चेटकिणी, एक अंतराळवीर. तिघांनीही सांगाड्याला जेवायलाच बोलावलं. त्या वर्षी शाळेत तोच विनोद चालू होता, आणि दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं 'नाही बुवा येत' म्हणावं लागत होतं, कारण विनोद न ऐकता खाऊ देणं हा इथे अपमान समजतात.

"दिवा बंद कर," लोर्ना स्वयंपाकघरातून म्हणाली. "वड्या संपत आल्या."

"आणि पाहुणे? दिवा बंद दिसला तर ते आल्या पावली परत जातील. शिवाय अट आहे."

"मग चालू ठेव."

"चालू ठेवला तर देऊ काय?"

दिवा लावावा तर मुलं येणार, मालवावा तर पाहुणे जाणार. मर्विन बटणावर बोट ठेवून उभा राहिला आणि अंधार-उजेडाच्या त्या बटणावर आपला संसार अडकलाय असं त्याला वाटलं. तेवढ्यात पुन्हा घंटा वाजली. या वेळी लोर्ना गेली. ती गुडघ्यावर बसली आणि एका भुताचा विनोद ऐकत राहिली. भुताला शेवट आठवेना, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. "सावकाश," लोर्ना म्हणाली. "मला काही घाई नाही." मर्विनला मात्र घाई होती. बायकोचा चेहरा बघायला त्याला सवड झाली नाही.

वड्या संपल्या, संत्री संपली, लाह्या ओंजळीनं वाटल्या. पावणेसात. पाहुण्यांचा पत्ता नाही. लोर्नाला आठवलं की तळघरात ग्रंथालयाच्या जुन्या वाचनखुणांचं खोकं आहे, आणि ती शोधायला खाली गेली. दारात सातजण उभे होते. पहिला विनोद सांगून झाला होता. पिशवी पुढे आली होती. विनोद सांगून झालेल्या मुलाला रिकामं पाठवलं तर सकाळपर्यंत दीडशे घरांत ते पोचेल, याची मर्विनला खात्री होती. त्यानं मागे हात केला, टेबलावर जे हाताला लागलं ते उचललं आणि पिशवीत टाकलं. तो नग सदतीस होता, सांगाडा.

मूल पिशवीत डोकावलं. "खरा सांगाडा," ते इतरांना म्हणालं. बातमी गल्लीतून किती वेगानं गेली हे पुढे मर्विननं पुष्कळदा सांगितलं, पण त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. वीस मिनिटांत रुग्ण गेले, दलदलीतले हात गेले, मुख्य परिचारिका एका मक्याच्या कणसाला गेली. लोर्ना धुळीनं माखलेलं खोकं घेऊन वर आली. "हे घे, दोनशे आहेत. तू यांच्यावर 'सुटे कागद' अशी चिठ्ठी का लावलीस? तिथेच वेळ गेला."

मर्विन रिकाम्या पटाकडे बघत होता.

आठ वाजता गल्लीतले दिवे एकेक करून विझले. सगळ्या अंधारात एकट्या १४१८ चा दिवा जळत राहिला. कुणीतरी येईल म्हणून आशेनं बसलेत बिचारे, हे आता जाता-येता कुणालाही दिसलं असतं. मर्विन अर्ज परत आले तेव्हा गप्प बसला होता, पण हे त्याला सोसवलं नाही. आठ वाजून दोन मिनिटांनी त्यानं दिवा मालवला.

"सगळ्या दिल्यास?" लोर्नानं विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

"परिचारिकासुद्धा?"

"ती कणसाला दिली."

लोर्ना हसली नाही की रागावली नाही. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू प्रयत्न केलास, मर्विन," ती म्हणाली, आणि निळा स्वेटर काढून घडी घालायला गेली. आपण हरल्याचं मर्विनला त्या एका वाक्यावरून कळलं.

झोप कसली येते. रात्रभर त्याच्या मनात एकच विचार: एखाद्या लेकरानं दलदलीचा हात गिळला तर? इथे मुलं झोपली की आईबाप पिशव्या पालथ्या घालून एकेक वस्तू तपासतात. घरोघरी आता त्या पिशव्या पालथ्या पडत असणार, आणि प्रत्येक पिशवीतून निघणाऱ्या पुराव्यावर गुन्हेगाराचं नाव, घराचा क्रमांक आणि वर अनुक्रमांक, त्याच्याच सुवाच्य अक्षरात. निनावी गुन्हा करायचीसुद्धा आपली लायकी नाही, असं त्याला वाटलं.

सकाळी नऊला घंटा वाजली. दारात ड्वेन होता, हातात पिवळा लिफाफा. सोसायटीच्या नोटिसा पिवळ्या लिफाफ्यातूनच यायच्या. मर्विननं उभ्या उभ्या कबुली द्यायचं ठरवलं.

"नग एकोणीस," ड्वेन चष्मा लावून वाचू लागला. "नग वीस. नग एक्केचाळीस. टॉलफसन, १४१८. हे आपलेच?"

"माझेच. चूक माझी आहे."

"माझ्या नातवंडांच्या पिशव्यांत सापडले. तिघंही परत द्यायला तयार नव्हते, समजूत घालावी लागली." ड्वेननं लिफाफा पुढे केला, पण तो लगेच निघाला नाही. "काल मी आलो होतो. आठ वाजून दहा मिनिटांनी. दिवा बंद होता."

"आला होतात?"

"मुलं आठपर्यंत, म्हणजे कार्यक्रम आठनंतर, हे उघडच होतं. आम्ही चौघंही आलो. अर्लीनबाईंनी वड्या आणल्या होत्या. दिवा बंद असलेल्या घराची घंटा कशी वाजवणार? थोडा वेळ अंगणात थांबलो, मग गेलो." ड्वेननं बुटांकडे पाहिलं. "मी नियम ऐकायच्या तयारीनं आलो होतो."

मर्विनच्या मागे लोर्ना उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं होतं. "म्हणजे तुम्ही चौघं थंडीत, या अंगणात उभे होतात?" तिनं विचारलं. "आणि आम्ही दोघं आत, पंधरा फुटांवर?"

"सौम्य भयप्रद होतं," ड्वेन म्हणाला. त्याच्या तोंडून विनोद निघाला की शेरा, हे कुणालाच कळलं नाही, पण लोर्ना मोठ्यानं हसली आणि तिनं त्याला आत ओढलं.

ड्वेनचा कॉफीचा पहिला घोट व्हायच्या आत अर्लीनबाई कालच्या वड्या घेऊन आल्या. मग अमिला आणि सेनाद आले. त्यांच्या मुलीच्या पिशवीतून नग सदतीस निघाला होता. मर्विन गिळण्याबद्दल काहीतरी बोलू लागला, तर अमिलानं त्याला थांबवलं. "अख्ख्या गावात दाताला धक्का न लावणारी वस्तू तुम्ही एकट्यानं वाटलीत," ती म्हणाली. "मी दवाखान्यात सांगणार आहे."

पुढे घंटा थांबेच ना. १४२६ मधली उंच बाई आली, जिची तीन वर्षांत फक्त दोन बोटं पाहिली होती. कोपऱ्यावरचा दाढीवाला आला. जुळ्यांचा बाप दोन रुग्ण घेऊन आला. कुणी भोपळ्याचा केक आणला, कुणी मक्याचं सूप, कारण दुसऱ्याची वस्तू परत करताना नुसत्या हातानं जाणं प्रेअरी रिजला बरं दिसत नाही. दारातूनच देऊन निघालेल्या प्रत्येकाला लोर्ना म्हणायची, "असं नाही. ज्याची त्यानं जागेवर ठेवायची." मग तो बूट काढून आत यायचा, पटावर आपली सोंगटी ठेवायचा, आणि बाकीच्या कोण कोण आल्यात ते बघत उभा राहायचा. खुर्च्या संपल्या तेव्हा सेनाद घरून आणायला गेला.

"हे मोजले तर अठरा पाहुणे होतात," मर्विन ड्वेनच्या कानाशी हळूच म्हणाला. "अर्ज?"

ड्वेन अकरा पानी सारांशाचं चौथं पान वाचत होता. "हा कार्यक्रम कुठे आहे," तो मान वर न करता म्हणाला. "हरवलेल्या वस्तूंची परतफेड आहे. तिला अर्ज लागत नाही."

सत्तेचाळीस सोंगट्या पटावर उभ्या होत्या. मुख्य परिचारिकेची जागा तेवढी रिकामी होती, आणि तिच्याशिवाय खेळ सुरू करता येत नाही हे ड्वेननं सगळ्यांना नियम क्रमांकासह सांगितलं. म्हणून सगळे बसून राहिले. अर्लीनबाई क्लेटसची गोष्ट सांगत होत्या, चारजण ऐकत होते. मर्विननं घड्याळाकडे पाहिलं. अकराला एक मिनिट कमी होतं.

फोन वाजला. लोर्नानं तो उचलला आणि खिडकीपाशी गेली. मर्विन मागोमाग जाऊ शकला नाही. त्यानं एक वडी तोंडात टाकली आणि ती तशीच धरून ठेवली. पलीकडून सिग्नेचा आवाज त्याच्यापर्यंत येत होता. मालक विचारतोय, काय सांगू, हो ना, तुझं ठरलंय ना.

"सिग्ने," लोर्ना म्हणाली, "त्याला म्हणावं..."

इतक्यात घंटा वाजली. सगळ्या खोलीनं दाराकडे माना वळवल्या. दाराच्या काचेतून कुणाचीतरी पिवळी टोपी दिसत होती, मक्याच्या कणसासारखी.

लोर्नानं काचेकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"थांब हं," ती फोनमध्ये म्हणाली, "दारावर कुणीतरी आलंय." आणि फोन बंद न करताच तिनं तो मर्विनच्या हातात दिला आणि दार उघडायला गेली.